काळ्या पाइनचे बलाबल

जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्यूशू या बेटांच्या किनाऱ्यांवर, जेथे खाऱ्या वाऱ्याच्या माऱ्यापुढे इतर मोठ्या वृक्षांचा फार काळ निभाव लागत नाही, तेथे निव्वळ वाळूत मुळे रोवून पिढ्यानुपिढ्या उभा राहिलेला वृक्ष म्हणजे काळा पाइन होय. जपानी लोक त्यास कुरोमात्सू म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात मात्र त्याची नोंद कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या नावे झालेली आहे, जो 1775 साली डच कंपनीचा वैद्य म्हणून नागासाकीच्या बंदरातील देजिमा या चिमुकल्या बेटावर उतरला आणि परकीयांवरील सक्त निर्बंधांतूनही त्या देशाची वनस्पतिसृष्टी अभ्यासून गेला. खोल भेगांनी दुभंगलेली आणि वयाबरोबर काळवंडत जाणारी जाड साल, दोन-दोनच्या जोडीने येणाऱ्या ताठ व टोकदार सुया, आणि हिवाळ्यात प्रत्येक फांदीच्या अग्रावर दिसणारी रुपेरी-पांढरी कळी, एवढ्या तीन खुणांवरून हा वृक्ष कोणासही ओळखता येईल. अंतर्भागातील डोंगरांवर वाढणारा तांबूस सालीचा, मऊ सुयांचा अकामात्सू हा त्याचा निकटचा आप्त. लोकपरंपरेने त्या मृदु वृक्षास स्त्री व या राकट वृक्षास पुरुष मानले आहे.

या वृक्षाचा जपानी जीवनाशी संबंध शोभेपेक्षा गरजेतून आधी जडला. सतराव्या शतकाच्या आरंभी करात्सू येथील सरदाराने समुद्रवाऱ्यापासून शेतांचा बचाव व्हावा म्हणून किनाऱ्यालगत पाइनची लागवड करविली, तीच आज निजी-नो-मात्सुबारा या नावाने प्रसिद्ध असलेली राई. आणि शिझुओकाजवळील मिहो-नो-मात्सुबारा, जेथून फुजी पर्वताचे दर्शन चित्रकारांनी अगणित वेळा रेखाटले, ती तर 2013 साली फुजीसह जागतिक वारशात दाखल झाली. नोह नाटकाच्या रंगमंचावर मागल्या फळीवर एक वृद्ध पाइन रंगविलेला असतो, नाटक कोणतेही असो. अशा वृक्षास कुंडीत आणण्याची इच्छा त्या लोकांस झाली नसती तरच आश्चर्य.

कुंडीतील वृक्षाची कला मूळची चीनची. जपानात तिचा चित्ररूप दाखला 1309 च्या सुमारास तयार झालेल्या कासुगा देवस्थानच्या चित्रगुंडाळीत सापडतो. परंतु ही कला त्या समाजाच्या अंतःकरणात किती खोल रुजली होती हे पाहावयाचे असेल तर ‘हाचि नो कि’ हे नोह नाटक पाहावे. इस्टेटीवरून बेदखल झालेला सानो गेन्झाएमोन नावाचा एक दरिद्री सामुराई हिमवर्षावाच्या रात्री दाराशी आलेल्या अनोळखी भिक्षूस ऊब मिळावी म्हणून आपल्याजवळ उरलेली कुंडीतील तीन झाडे, प्लम, चेरी आणि पाइन, एकामागून एक अग्नीत घालतो. तो भिक्षू म्हणजे वेषांतर करून फिरणारा राज्यकर्ता होजो तोकियोरी असतो, आणि पुढे तो गेन्झाएमोनला त्याची गेलेली जमीन परत करून वर उमेदा, साकुराई आणि मात्सुइदा अशा तीन जहागिरींची सनद देतो. प्रत्येक जहागिरीच्या नावात जळालेल्या एकेका झाडाचे नाव गोवलेले आहे. घरातील अखेरचे धन म्हणून नाटककारास कुंडीतील झाडे सुचावीत, यात सगळे आले.

आज काळ्या पाइनच्या बोन्सायचे माहेरघर म्हणावे असे गाव शिकोकू बेटावरील ताकामात्सू हे होय. त्या शहराच्या किनाशी आणि कोकुबुंजी या भागांत दोनशेहून अधिक वर्षे हा धंदा चालत आला असून जपानातील पाइन-बोन्सायपैकी फार मोठा हिस्सा तेथेच तयार होतो. सेतो समुद्राकाठचा मोकळा प्रकाश, बेताचा पाऊस आणि पाणी धरून न ठेवणारी वालुकामय जमीन हे त्याचे कारण. तेथे पाइन शेतांत, ओळींनी, भाजीपाल्याच्या वाफ्यांशेजारी उभे असतात. कुंडीचा प्रश्न त्यांच्यासमोर कित्येक वर्षे येतच नाही.

कारण खोड ही कुंडीत घडणारी गोष्ट नव्हे. वसंतारंभी पेरलेल्या बियांतून रोप वर आले आणि त्याचे कोवळे दांडके अद्याप तांबूस आहे तोच कुशल माळी ते मुळापासून कापून टाकतो व उरलेला तुरा पुन्हा वाळूत खोवतो. हेतू असा, की सरळ खाली जाणाऱ्या सोटमुळाऐवजी एकाच पातळीवर चहूबाजूंनी मुळे फुटावीत आणि पुढे अर्धशतकाने पाहणाऱ्यास झाडाने जमीन घट्ट धरलेली दिसावी. दोन-तीन वर्षांच्या लवचीक रोपास तार गुंडाळून खोडाची वळणे ठरविली जातात. त्यानंतर खालच्या भागातील एखादी फांदी मुद्दाम मोकळी सोडतात. ती पुरुषभर उंच वाढो वा त्याहून अधिक, तिला कोणी हात लावत नाही, कारण तिच्या सुयांनी कमावलेले अन्न खाली उतरताना खोडास जाडी देऊन जाते. काम झाले की ती फांदी कापली जाते, आणि तिचा व्रण पाठीमागच्या बाजूस राहील याची तजवीज पहिल्याच दिवशी केलेली असते.

येथवर झाली ती पूर्वतयारी. खरी कला पुढे आहे, आणि ती एकाच गोष्टीवर उभी आहे असे मला निश्चितपणे वाटते: झाडाच्या अंगातील बलाची वाटणी. पाइनचा स्वभाव वर जाण्याचा व टोकाकडे धावण्याचा. अग्रावरील कळीत निर्माण होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरताना मागच्या कळ्यांना निद्रिस्त ठेवते, आणि शेंड्याला ऊन अधिक मिळत असल्याने त्याचा जोर दरसाल वाढतच जातो; पंक्तीत जो मोठ्याने मागतो त्याच्याच पानात पुन्हापुन्हा पडावे आणि कोपऱ्यात मुकाट बसलेला उपाशी उठावा, तसा प्रकार होऊन खालच्या व आतल्या फांद्या वाळू लागतात. दुसरी अडचण याहून कठोर. ज्या फांदीवर हिरवी सुई उरली नाही त्या जुन्या लाकडातून पाइन सहसा नवा डोळा फोडीत नाही. वडाची फांदी बुंध्याशी तोडली तरी तो फुटतो. पाइनची आतली फांदी एकदा गेली की ती जागा कलमाशिवाय भरून निघत नाही. म्हणून या वृक्षाच्या संवर्धकाचे सारे लक्ष दुर्बलांकडे लागलेले असते.

त्याच्या हाती जे साधन आहे त्यास जपानी माळी मेकिरी म्हणतात. वसंतात प्रत्येक कळी लांबून सरळ उभा कोंभ होते. प्रथम तो पांढुरक्या खवल्यांनी मढलेला असतो, मग खवल्यांतून सुयांची हिरवी टोके बाहेर पडतात आणि जूनपर्यंत त्या पूर्ण उघडतात. नैसर्गिक स्थितीत या सुया सात ते बारा सेंटिमीटर लांब होतात, आणि वीतभर-दोन वीत उंचीच्या वृक्षावर त्या अशा राहिल्या तर सारे प्रमाण बिघडते. जूनच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, हवामान व झाडाचा आकार पाहून, हा वर्षाचा संपूर्ण कोंभ माळी बुडाशी आडवा, स्वच्छ कापतो. कापल्या जागी राळेचा एक पारदर्शक थेंब येतो व तासाभरात घट्ट होतो. दोन-तीन आठवड्यांत त्या छेदाच्या कडेने मोहरीएवढे नवे डोळे दिसू लागतात. शरदाची थंडी येईपर्यंत त्यांना शंभरेक दिवस मिळतात, आणि मुदत अपुरी असल्यामुळे त्यांच्या सुया दोन ते चार सेंटिमीटरांवरच थांबतात. एका कोंभाच्या जागी अनेक फुटवे आल्याने फांदी दाट होते, हा दुसरा लाभ.

पण या क्रियेची खरी नजाकत क्रमात आहे. सर्व कोंभ एकाच दिवशी न कापता प्रथम दुर्बल कोंभ कापतात, सुमारे दहा दिवसांनी मध्यम, आणि शेंड्याचे बलदंड कोंभ सर्वांत शेवटी. म्हणजे दुर्बळांस वाढीसाठी अधिक दिवस लाभतात व बलवानांस कमी. कात्री एकच, हात एकच, केवळ तारखांच्या फरकाने झाडातील सत्तेचा समतोल बदलतो. अत्यंत अशक्त फुटव्यास तर त्या वर्षी हातच लावीत नाहीत. शरदात नव्या फुटव्यांपैकी प्रत्येक ठिकाणी दोनच राखतात. त्यातही शेंड्याकडे राखावयाचे ते तुलनेने लहान, आणि खालच्या फांद्यांवर राखावयाचे ते धष्टपुष्ट. मग जुन्या सुया चिमट्याने उपटण्याचे काम येते. वरच्या भागात प्रत्येक फुटव्यावर पाच-सहा जोड्या, मधल्या भागात सात-आठ, आणि तळाशी दहा-बारा, अशा बेताने सुया ठेवल्या की अन्न कमावण्याची शक्ती जेथे हवी तेथे राहते व आतपर्यंत प्रकाश पोचतो. या कामास दिवसच्या दिवस लागतात, आणि ते घाईने उरकलेले झाड पुढल्या वर्षी ओळखू येते.

बोन्सायविषयी आपल्याकडे एक समज रूढ आहे, की झाडास उपाशी ठेवून, मुळे आवळून, त्याचा छळ करून ते लहान ठेवले जाते. काळ्या पाइनपुरते तरी हे सर्वस्वी असत्य आहे. ज्या झाडावर मेकिरी करावयाची त्यास वसंतभर मोहरीवर्गी बियांच्या पेंडीच्या गोळ्यांचे भरपूर खत दिले जाते, कारण वर्षाची पहिली वाढ गमावून दुसरी उभारण्याचे सामर्थ्य सशक्त झाडातच असते. उपाशी झाडाचा कोंभ कापला तर दुसरा येतोच असे नाही, आणि फांदी जाते. कापणीच्या वेळी खत काढून घेतात, नवे फुटवे स्थिर झाल्यावर शरदात पुन्हा देतात. नुकत्याच मुळे छाटलेल्या किंवा आजारी झाडास त्या वर्षी सूट असते. ज्याच्यापाशी द्यायला पुष्कळ आहे त्याच्याकडूनच मागावे, असा हा न्याय आहे, आणि पाच सुयांच्या गोयोमात्सूस, जो वर्षातून एकदाच फुटतो, तो लागू पडत नाही. त्याच्यावर हीच कात्री चालविणे म्हणजे त्याचा घात करणे.

तार गुंडाळण्याचे काम हिवाळ्यात चालते. तापवून मऊ केलेली तांब्याची तार फांदीभोवती तिरक्या वेढ्यांनी बसवून फांदी हळूहळू वाकवितात. पाइनचे लाकूड राळेने लवचीक असल्याने इतर वृक्षांस न सोसणारे वळण ते सोसते. म्हाताऱ्या वृक्षांच्या फांद्या हिमाच्या व स्वतःच्या भाराने खाली झुकतात, म्हणून येथेही खोडाशी त्या उताराने निघतात आणि टोकाशी किंचित वर येतात. साल वाढून तार रुतण्यापूर्वी ती उलगडत न बसता तुकडे करून काढणे हे शहाणपणाचे. सरळ, वळणदार, कड्यावरून लोंबणारी, कृश व उंच अशा शैलींची नावे पुष्कळ आहेत, त्यांची जंत्री येथे नको. काळ्या पाइनच्या राकट सालीस व ताठ सुयांस जाड बुंध्याचे, वळणदार पण भारदस्त रूप सर्वांत शोभते, असे माझे मत आहे.

मातीविषयी एवढेच, की पाण्याचा निचरा झटपट व्हावा. तोचिगी प्रांतातील कानुमा परिसरात जमिनीतून निघणारी आकादामा ही दाणेदार ज्वालामुखीजन्य माती, प्यूमिस आणि नदीची भरड वाळू यांचे मिश्रण जपानात वापरतात. तीन ते पाच वर्षांनी वसंतारंभी कुंडी बदलताना मुळांवर पांढऱ्या बुरशीचे जाळे दिसते. अनभिज्ञ माणूस तो रोग समजून धुऊन टाकील. वास्तविक ती मुळांशी सहजीवन करून त्यांस अन्न-पाणी मिळवून देणारी असते, आणि म्हणूनच जाणते माळी जुनी माती एका खेपेस सगळी काढीत नाहीत, अर्धी बाजू आज व उरलेली पुढल्या पाळीस.

सह्याद्रीत किंवा द्वीपकल्पीय भारतात कोठेही पाइन स्वाभाविकपणे उगवत नाही, आणि महाराष्ट्रातील बोन्सायप्रेमींनी वड, पिंपळ, उंबर यांवर आपला हात बसविला तो योग्यच. काळ्या पाइनला हिवाळ्याची खरी विश्रांती लागते व मुळांशी साचलेले पाणी मानवत नाही. कोकणातील चार महिन्यांची झड आणि उबदार डिसेंबर या दोहोंत त्यास टिकविणे कठीण.

या कलेस संस्थेचे रूप आले ते विसाव्या शतकात. 1923 च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील बोन्साय व्यावसायिकांनी 1925 साली उत्तरेस ओमिया येथे वसाहत वसविली; तेथे राहू इच्छिणाऱ्याने किमान दहा बोन्साय बाळगावेत, बाग सर्वांस खुली ठेवावी, कुंपण जिवंत झाडांचे असावे आणि दुमजली घर बांधू नये, अशा शर्ती होत्या. 1934 साली उएनो येथील कलासंग्रहालयात कोकुफू या बोन्साय-प्रदर्शनास आरंभ झाला. त्यामागील प्रमुख पुरस्कर्ते काउंट मात्सुदाइरा योरिनागा हे ताकामात्सूच्याच जुन्या राजघराण्यातील. त्या घराण्याच्या रित्सुरिन उद्यानात आजही एक वृक्ष उभा आहे: 1833 साली शोगुन तोकुगावा इएनारीने तेथील अधिपतीस नजर म्हणून दिलेला कुंडीतील गोयोमात्सू, जो पुढे जमिनीत लावण्यात आला. आता त्याची उंची सुमारे आठ मीटर आहे. कुंडीतील लहानपण झाडाच्या अंगात शिरत नाही, ते दरसालच्या हाताने राखावे लागते, हे सांगण्यास याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही.

काळ्या पाइनवरील आजचे संकट वेगळेच आहे. उत्तर अमेरिकेतून आलेल्या एका सूक्ष्म सूत्रकृमीने विसाव्या शतकाच्या आरंभापासून नागासाकीकडून सुरुवात करून जपानातील पाइनच्या राया उजाड केल्या. लांब मिशांचा एक भुंगेरा त्यास झाडाझाडांवर वाहून नेतो, आणि एका उन्हाळ्यात हिरवा वृक्ष तांबडा पडून मरतो. खरा अपराधी तो कृमी हे 1971 साली सिद्ध झाले. किनाऱ्यावर आता खोडात औषध टोचणे, मेलेली झाडे तातडीने तोडून जाळणे आणि प्रतिकारक्षम रोपांची लागवड अशी तिहेरी मोहीम चालू आहे. 2011 च्या त्सुनामीने ईशान्येकडील राया वाहून नेल्या. रिकुझेनताकातातील सुमारे सत्तर हजार वृक्षांपैकी जो एक उभा राहिला तोही पुढे मुळांशी मुरलेल्या खारटपणाने मेला. त्या किनाऱ्यावर पुन्हा लावण्यासाठी निवडलेली रोपे बहुतांशी काळ्या पाइनचीच आहेत, कारण वाळू, मीठ आणि वारा यांना तोंड देणारा दुसरा तसा वृक्ष तेथे नाही.