केशरी दाढीचं कोडं

भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की मोठ्या माणसांना आठवते हिरवी मिरची. तिथला मिरचीचा बाजार लांबलांबपर्यंत माहीत आहे. मिरच्या तोडल्या की हातांची नुसती आग आग होते, रंग मात्र चढत नाही. मेंदीचं बरोब्बर उलट! आग नाही, हात गार वाटतो, आणि रंग असा चढतो की साबणाची वडी झिजेल, पण तो हलायचा नाही.

आता बाजाराच्या दिवशी जरा लोकांच्या डोक्यांकडे बघा. (टक लावून नको हं, रागावतील.) एखाद्या चाचांची दाढी केशरी दिसेल. एखाद्या आजीच्या अंबाड्यात तांबूस बटा दिसतील. घरी ताईनंही तीच मेंदी लावलेली असते, पण तिचे केस काळेच! उन्हात उभी राहिली तर थोडीशी लालसर झाक दिसते, बस्स. मेंदी तीच, मग रंग वेगळा का?

त्यासाठी आधी केस बघू. डोक्यावर दिसणारा केस जिवंत नसतो, म्हणून तर कापताना दुखत नाही. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. आपली नखं, बैलाच्या शिंगांवरचं कवच आणि मेंढीची लोकर, सगळं केराटिनचंच. केसावर कौलांसारखे एकावर एक सरकलेले खवले असतात आणि आत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य. वय झालं की मूळ मेलॅनिन बनवायचं थांबवतं. मग केस पांढरा उगवतो.

मेंदीचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. तिच्या रंगद्रव्याला म्हणतात लॉसोन. शंभर ग्रॅम वाळलेल्या पाल्यात ते निघतं जेमतेम एक-दीड ग्रॅम! गंमत म्हणजे हिरव्या पानात ते तयार नसतंच. साखरेच्या एका रेणूशी बांधलेलं, दडून बसलेलं असतं. पाला वाटला, भिजवला, लिंबासारखं काही आंबट घातलं की ते सुटं होतं आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की रंग देतं. म्हणूनच आजी मेंदी कालवून लगेच लावत नाही, भिजत ठेवते. सुटं झालेलं लॉसोन केराटिनला घट्ट चिकटतं. मात्र केसातलं मेलॅनिन ते काढून टाकत नाही. त्यामुळे पांढऱ्या केसावर केशरी रंग स्वच्छ दिसतो आणि काळ्या केसावर तो काळ्याआड लपतो. सुटलं चाचांच्या दाढीचं कोडं!

बाजारातले बरेचसे रासायनिक कलप वेगळं काम करतात. ते केसाचे खवले उचलतात, आतला मूळचा रंग फिका करतात आणि मग नवा भरतात. मेंदीला ही मोडतोड करावी लागत नाही. केसावर तिचा पातळ थर बसतो, केस किंचित जाड वाटतो, चमकतो. हे तिचे खरे गुण. पण नुसती मेंदी लावली तर काहींचे केस कोरडे, राठ होतात. म्हणून कुणी आधी तेल लावतं, कुणी मेंदीत दही कालवतं.

'मेंदीनं केस भराभर वाढतात' असंही कुणी सांगेल. माझं मत विचाराल तर ते सोडून द्या. केस वाढतो कातडीखालच्या मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. रंग बसतो वरच्या निर्जीव केसावर. पटत नसेल तर महिन्याभरानं चाचांच्या दाढीची मुळं बघा, पांढरीच असतील.

काही घरांत मेंदी लोखंडी कढईत भिजवतात. पाल्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड यांची गाठ पडली की मिश्रण काळपट होतं. केस काळेभोर हवे असतील तर मेंदीनंतर निळीच्या झाडाच्या पाल्याची पूड लावतात. केशरीवर निळा बसला की काळा दिसतो.

आता एक प्रयोग. पांढऱ्या लोकरीचा एक दोरा आणि पांढऱ्या सुताचा एक दोरा भिजवलेल्या मेंदीत रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन वाळवा. लोकर छान केशरी होईल, सूत फिकंच राहील. लोकर केराटिनची, तर सूत कापसाचं, म्हणजे सेल्युलोजचं. लॉसोनला कुणाची संगत आवडते ते तुमच्या डोळ्यांसमोर!

पाला मात्र नीट ओळखा. शाळेच्या किंवा कचेरीच्या कुंपणाला लोक सरसकट मेंदी म्हणतात, पण ती पुष्कळदा कडू मेंदी असते. ती वेगळीच वनस्पती, तिचा असा रंग चढत नाही. पूड आणलीत तर पाकीट वाचा. राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं सोजत हे मेंदीचं मोठं ठिकाण. सोजतच्या मेंदीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या कोनापासून चार हात लांब राहा. मेंदी मुळात काळी नसते. तसल्या कोनात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन मिसळलेलं असतं आणि त्यानं कातडीवर फोड येऊ शकतात. तान्ह्या बाळांना तर साधी मेंदीसुद्धा नको. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी तिच्यामुळे फुटू शकतात.

नागपंचमीला हातावर मेंदी काढाल तेव्हा एका नखालाही लावा. तळहाताचा रंग दोन-तीन आठवड्यांत जाईल, कारण कातडीचा वरचा थर झडत राहतो. नखाचा रंग मात्र टिकेल. दर रविवारी पट्टी घेऊन बुडाशी उगवलेलं कोरं नख मोजा. महिन्याला साधारण तीन मिलिमीटर भरेल.