पलीकडे नेऊन सोडणारे रेणू

पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं, पण त्याचा गाभा तेलकट. पाण्यात रमलेला आयन अंगाभोवतीचं पाणी टाकून त्या तेलात शिरायला राजी नसतो, म्हणून पेशीने त्याच्यासाठी प्रथिनांच्या वाटा ठेवल्या आहेत. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये क्लोराइडची वाट बिघडते. अशा मुलाच्या कपाळाचा मुका घेतला तर ओठांना खारट लागतं. फुप्फुसात चिकट कफ साठत जातो.

ही वाट रसायनशास्त्रज्ञाने घडवून दिली तर?

१९६० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीत रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स पेडरसन भलतंच काही बनवत होते. मुख्य पदार्थासोबत अर्धा टक्काही नसतील इतके पांढरे स्फटिक हाती आले. त्यांनी ते फेकले नाहीत. तो वलयाकार रेणू पोटॅशियमला अचूक कवेत घेत होता. १९६७ साली त्यांनी या ‘क्राउन ईथर’ची माहिती प्रसिद्ध केली आणि १९८७ साली त्यांना नोबेल मिळालं.

मला मात्र खरी करामत धरण्यात नाही, सोडण्यात दिसते. फार घट्ट धरणारा रेणू पलीकडे पोचूनही ओझं उतरवत नाही, आणि सैल धरणारा ते उचलतच नाही.

रेणू ओझं खरंच पलीकडे नेतो का, हे तपासायची रीत पाहण्यासारखी आहे. अंड्याच्या बलकातलं लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं आणि क्लोरोफॉर्म उडवून टाकायचा. चंबूच्या तळाला पातळ पापुद्रा उरतो. त्यावर ल्युसिजेनिन या क्लोराइडने विझणाऱ्या चमकत्या रंगाचं द्रावण घालून हलवलं की पापुद्रा सुटतो आणि त्याचे सूक्ष्म फुगे होतात. बाहेर राहिलेलं ल्युसिजेनिन काढून टाकायचं. मग बाहेरच्या पाण्यात मीठ आणि नव्या रेणूचा थेंब. क्लोराइड आत शिरू लागला की फुग्यांची चमक विझत जाते आणि पडद्यावरची रेघ खाली उतरते.

फुग्यात जमलं, तरी शरीरात? २०१४ साली सेस्लर, गेल आणि शिन या संशोधकांच्या गटांनी क्लोराइड वाहणारे रेणू पेशींत सोडले. क्लोराइडमागोमाग सोडियमही आत आला आणि पेशींनी स्वतःला संपवलं. कर्करोगाच्या पेशी मेल्या, तशाच निरोगीही. पुण्यात ‘आयसर’मधल्या पिनाकी तालुकदार यांच्या गटाने यावर सुंदर तोड शोधली: वाहक रेणूला टोपण घालायचं आणि ते प्रकाशानेच उडवायचं. प्रकाश पडेल तिथेच वाहतूक सुरू.

सर्वांत मोठा धक्का मात्र २०१९ साली इलिनॉय विद्यापीठातल्या मार्टिन बर्क यांच्या गटाने दिला. त्यांनी घेतलेलं अँफोटेरिसिन प्रयोगशाळेत घडवलेलं नव्हे. बुरशीवरचं ते जुनंच औषध. ते पटलात साधं भोक पाडतं, फारसं चोखंदळ नाही. तरी सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या श्वासमार्गातल्या पेशींतून, एरवी क्लोराइडच्याच वाटेने जाणारं बायकार्बोनेट पुन्हा बाहेर पडू लागलं. कारण ते पुढे लोटणारे पेशीचे बाकीचे पंप शाबूत होते, फक्त दार बंद होतं. बिघडलेल्या प्रथिनाला सावरणारी औषधं आज आहेत, पण ज्या मुलांत ते प्रथिन तयारच होत नाही, तिथे त्यांना सावरायला काही नसतं. या भोकाला त्या प्रथिनाची गरजच लागत नाही.