रोटाची लस आणि बाळाचे आतडे

काही महिन्यांपूर्वी विट्याला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही लसीकरणावर बोलत होतो. प्रश्नोत्तरे संपता संपता मागच्या बाकावरच्या एक बाई उभ्या राहिल्या. "सर, माझ्या नातीला रोटाचे तिन्ही डोस वेळेवर दिलेत. कार्डावर नोंद आहे. तरी सातव्या महिन्यात जुलाब-उलट्या होऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, रोटाच असावा. आता धाकट्या सुनेचं बाळ दीड महिन्याचं झालंय. तिला काय सांगू?"

वेळ संपली होती. "कोणतीच लस शंभर टक्के नसते," असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. ते खरे असले, तरी बाईंचा प्रश्न तेवढ्यावर भागणारा नव्हता. राहिलेले उत्तर येथे देत आहोत.

रोटाव्हायरस १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. जुलाबाने आजारी असलेल्या मुलांच्या लहान आतड्याचे सूक्ष्म तुकडे त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये विषाणूचे कण दिसले. हे कण चाकासारखे दिसतात आणि लॅटिन भाषेत 'रोटा' म्हणजे चाक; त्यावरून पुढे हे नाव पडले. लस येण्यापूर्वी जगातले जवळजवळ प्रत्येक मूल पाच वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी या विषाणूच्या तावडीत सापडत असे, मग ते फिनलंडमधले असो की फलटणमधले. नुसत्या स्वच्छ पाण्याने तो अडत नाही. फरक पडे तो पुढे. तिकडचे मूल दवाखान्यात जाऊन बरे होई. आपल्या देशात मात्र दरवर्षी सुमारे ७८ हजार मुले दगावत, असा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

लसीचे मोल कसे मोजतात, ते आधी पाहू. आकडेमोड आठवीच्या मुलांना जमेल अशी आहे. रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू येथे झाली. एकूण ६,७९९ बाळे. कोणाला लस मिळाली आणि कोणाला नुसता तसाच दिसणारा द्रव, हे आईलाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. शेवटी मोजदाद केली तेव्हा लस घेतलेल्या गटात रोटाच्या तीव्र जुलाबाचे ७१ प्रसंग भरले, न घेतलेल्या गटात ७६.

हे दोन आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे. मुले म्हणतील, लस फुकट गेली! पण लस घेतलेला गट दुसऱ्याच्या दुप्पट मोठा होता. किती बाळे किती काळ नजरेखाली होती याचा हिशेब केला, तर पहिल्या गटाची ४,७५२ बालवर्षे भरतात आणि दुसऱ्याची २,३६०. म्हणजे शंभर बालवर्षांमागे एकीकडे दीड प्रसंग, दुसरीकडे सव्वातीनच्या आसपास. ५३.६ टक्के घट. छेदाकडे न पाहता अंश वाचू नये, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

निम्म्याहून थोडे अधिक. पण युरोपात रोटाच्या लसींनी तीव्र आजाराविरुद्ध ९० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिले आहे. यात भारतीय लस हलकी, असे मात्र नाही. युरोपात वापरली जाणारी लस आफ्रिकेतील मलावीत नेली, तेव्हा तिचेही संरक्षण ४९ टक्क्यांपर्यंत उतरले. लस तीच, बाटली तीच, बाळे वेगळी. आपल्याकडे ही गोष्ट जुनी आहे. १९७०च्या दशकात वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी दाखवून दिले होते की, तोंडातून देण्याची पोलिओची लस आपल्या मुलांत अपेक्षेइतकी लागू पडत नाही.

'तोंडातून' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जत-आटपाडीच्या किंवा माण-खटावच्या वाचकांना पेरणीचा दाखला पटकन पटेल. रोटाची लस म्हणजे दुर्बळ केलेला, पण जिवंत विषाणू. तो बाळाच्या आतड्यात रुजावा लागतो, थोडा वाढावा लागतो. तेव्हा कोठे शरीर जागे होऊन प्रतिपिंडे तयार करते. टोचून दिलेल्या लसीला ही जमीन लागत नाही. तोंडातून दिलेली लस बी चांगले असूनही उगवली नाही, तर जमिनीकडे पाहावे लागते.

ही जमीन कशी असते? घरी टर्किश टॉवेल असेल तर वर्गात आणावा, सोबत जुना विरलेला पंचा. टॉवेलवरच्या दोऱ्यांच्या आकड्यांमुळे त्याचे क्षेत्रफळ वाढते आणि तो पाणी भरभर टिपतो. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला असेच बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना व्हिलाय म्हणतात. रोटाव्हायरस त्यांच्या शेंड्यावरच्या पेशींनाच धरतो, म्हणून पाणी शोषले जात नाही आणि जुलाब होतात. आता ज्या घरात शौचालय नाही, पाणी गढूळ आहे, अंगणात कोंबड्या-शेरडे आणि रांगते मूल एकत्र आहेत, तेथे विष्ठेतले जंतू थोडे थोडे रोज पोटात जातात. मूल आजारी दिसत नाही, पण आतड्याला सतत सूज राहते, व्हिलाय बोथट होतात, टॉवेलचा पंचा होत जातो. वरकरणी निरोगी माणसांतही असे आतडे आढळते, हे वेल्लोरला सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांच्या अभ्यासातून काही दशकांपूर्वीच पुढे आले होते. अशा आतड्याच्या बाळांत तोंडावाटे दिलेल्या लसी कमी रुजतात, असे ढाक्यातील बाळांच्या अभ्यासात दिसले.

पोषणाचे काय? बोट्स्वानात लसीकरण सुरू झाल्यावर पाहिले, तेव्हा नीट पोसलेल्या बाळांत लसीने ७५ टक्के संरक्षण दिले होते. कुपोषित बाळांत लाभ दिसलाच नाही. कुपोषित बाळांची संख्या थोडी होती, म्हणून हा आकडा घट्ट धरू नये, पण दिशा स्पष्ट आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिला डोस दीड महिन्याला असतो. तेव्हा बाळाला वरचे अन्न नसतेच. त्या वयाचे पोषण म्हणजे आईचे गरोदरपणातले जेवण, तिचे रक्त आणि बाळाचे जन्माचे वजन.

पण कुपोषण हेच सगळे कारण, असे म्हणून थांबावे तर एक अडचण उभी राहते. पुण्यात तयार होणारी रोटासिल ही लस नायजर या आपल्याहून कितीतरी गरीब देशात सुमारे ६७ टक्के उपयोगी ठरली आणि भारतातल्या चाचणीत त्याहून बरीच कमी, ४० टक्क्यांच्या आत! दोन्ही चाचण्यांची आखणी सारखी नव्हती हे मान्य. तरी गरिबी वाढली की लसीचा गुण घटतो, असे साधे त्रैराशिक मांडता येत नाही. आतड्यातल्या जीवाणूंबद्दलही असाच घोळ आहे. घानामध्ये ज्यांच्यात लस रुजली, त्या बाळांचे जीवाणू डच बाळांसारखे निघाले. वेल्लोरमध्ये शोधले तर असा फरक सापडला नाही. वेल्लोरमध्येच ६२० बाळांना झिंक व उपयुक्त जीवाणू देऊन पाहिले. फायदा झाला तो किरकोळ. शिवाय रक्तगटाशी नाते असलेल्या काही शर्करा आतड्याच्या पेशींवर असतात की नाहीत, यावरही विषाणूच्या काही वाणांचे रुजणे ठरते.

मग आईची प्रतिपिंडे. आपल्याकडच्या आईला रोटा अनेकदा भेटून गेलेला असतो. तिची प्रतिपिंडे गर्भात बाळाकडे जातात, दुधातूनही जातात, आणि रोगाच्या विषाणूबरोबर लसीच्या विषाणूलाही अडवतात. यावर कोणालाही सुचेल की, थेंबांच्या आधी तासभर बाळाला अंगावर पाजू नये. तसे करून पाहिलेले आहे, दिल्लीत आणि दक्षिण आफ्रिकेतही. काही उपयोग झाला नाही. गावात कोणी असा सल्ला देत असेल तर शिक्षकांनी तो जरूर खोडून काढावा. त्यात बाळाचे नुकसानच आहे.

निसर्ग मात्र ही अडचण ओलांडतो. रोटाव्हॅकचा विषाणू मुळात दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांतच मिळाला, १९८५-८६च्या सुमारास. त्याची लागण झालेल्या बाळांना जुलाब झाले नव्हते, आणि पुढे त्यांना रोटाचा त्रासही कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांनी हे हेरले आणि लस त्यातून जन्मली.

जमिनीची मशागत करून पीक वाढते का, हे खेड्यातच तपासले गेले ते झिंबाब्वेमध्ये. काही गावांत घरोघरी शौचालय, हात धुण्याची सोय व पाणी शुद्ध करण्याचे साधन दिले. तेथे लस रुजलेल्या बाळांचे प्रमाण सुमारे ३० टक्के निघाले. इतर गावांत २० टक्के. उडी मोठी नाही, पण खरी आहे.

महाराष्ट्रात ही लस सरकारी लसीकरणात २०१९ साली आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुराने सांगली आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. विहिरी, शौचालये, गटारे एक झाली. अशा पाण्यानंतर बाळांच्या आतड्यांवर काय ओढवत असेल, याचा अंदाज वाचक करू शकतील. दुसरा प्रश्न ऊसतोडीचा. बीडकडून येणाऱ्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास आपल्या फडांवर उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तिन्ही डोस एखाद्या बाळाच्या बाबतीत नेमके याच काळात येतात. कार्ड गावी, बाळ कोपीत. शाळेत त्या बाळाची थोरली बहीण येत असेल, तर तिच्याकडे विचारणा करणे शिक्षकाला सहज शक्य आहे. न दिलेल्या डोसचे संरक्षण शून्य टक्के.

आता बाईंचे उत्तर. धाकट्या बाळाला थेंब द्यावेत, तिन्ही वेळा. निम्मे संरक्षण म्हणजे निम्मी लस नव्हे. आजार जेथे फार, तेथे त्यातला निम्मा टळणे हेच संख्येने मोठे असते. वढू, दिल्ली आणि वेल्लोरच्या हिशेबाने, पहिल्या वर्षात साधारण ५५ बाळांना लस दिली की एकाचा तीव्र आजार टळतो. आपल्या देशात दरवर्षी जन्मणाऱ्या दोन कोटींहून अधिक बाळांशी याचा भागाकार करून पाहावा. लस प्रत्यक्ष वापरात आल्यावर देशातल्या रुग्णालयांतून काढलेला आकडाही चाचणीच्या जवळच, ५४ टक्के, निघाला आहे.

एवढे सगळे आम्ही बाईंना पत्राने कळवले. त्यांनी उत्तरात विचारले, मोठ्या नातीला झाला तो रोटाच होता, हे डॉक्टरांनी कशावरून ओळखले? खरे तर नुसते पाहून ओळखता येत नाही, त्याला शौचाची तपासणी लागते. जुलाब अनेक जंतूंनी होतात आणि रोटाची लस फक्त रोटाला अडवते. तो रोटा असो वा दुसरा कोणी, घरी करायचे तेच: जलसंजीवनी, चौदा दिवस झिंक आणि अंगावरचे दूध चालू. डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा बाळ मलूल झाले, तर वाट न पाहता दवाखाना.