गंज-ए-सवाईची लूट : सुरतेच्या दर्यावरचा दरोडा आणि त्याचे पडसाद (१६९५–१७०१)

सप्टेंबर १६९५ च्या सुरुवातीला हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मुंबई आणि दमणच्या दरम्यानच्या समुद्रात औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटले. मक्केची यात्रा करून सुरतेला परतणारे शेकडो यात्रेकरू त्यावर होते. मोखा आणि जेद्दा येथे हिंदुस्थानी माल विकून आलेली रोकड आणि जडजवाहीरही होते. सतराव्या शतकातील सर्वांत मोठ्या सागरी दरोड्यांत या लुटीची गणना होते. तिचा मुख्य सूत्रधार कधीच सापडला नाही. इंग्लंडमध्ये त्याच्यावर नाटक आणि कादंबरी लिहिली गेली. सुरतेत मात्र या घटनेचा अर्थ निराळा होता. तिथे यात्रेकरूंची विटंबना झाली, व्यापारी नागवले गेले आणि समुद्रावरच्या रक्षणाची जबाबदारी युरोपीय कंपन्यांच्या हाती जाण्याची वाट मोकळी झाली.

सुरत बंदर आणि हजची वाट

तापी नदीच्या मुखाजवळचे सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत महत्त्वाचे बंदर होते. हजला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात चढत. तांबड्या समुद्राकडे कापड आणि नीळ जाई, परतताना चांदी-सोने येई. यात्रा आणि व्यापार एकाच ताफ्यातून चालत. मोसमी वाऱ्यांमुळे जहाजांच्या जाण्यायेण्याचा काळ ठरलेला असे आणि तो साऱ्या दर्यावर्दींना ठाऊक होता. उन्हाळ्याच्या अखेरीस भरलेली जहाजे बाब-अल-मंदबच्या अरुंद सामुद्रधुनीतून बाहेर पडणार, हे कळायला चाच्यांना हेर नेमण्याची गरज नव्हती.

या व्यापारात बादशहाची स्वतःची जहाजे होती, तशीच सुरतेच्या सावकारांचीही होती. त्यांत अब्दुल गफूर या बोहरा व्यापाऱ्याचे नाव पहिले घ्यावे लागते. तो एकटा ईस्ट इंडिया कंपनीच्या तोडीचा व्यापार करतो आणि वर्षाला वीसहून अधिक जहाजे पाठवतो, असे कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन या समकालीन स्कॉटिश प्रवाशाने नोंदवले आहे.

जमिनीवरून येणाऱ्या धोक्याची सुरतेला सवय झाली होती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील स्वाऱ्यांनंतर शहराच्या तटबंदीकडे लक्ष दिले गेले. समुद्राची बाजू मात्र उघडी राहिली. मोगलांचे स्वतंत्र बलाढ्य आरमार नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर त्यांची भिस्त जंजिऱ्याच्या सिद्दीवर होती. १६९५ मध्ये औरंगजेबाची छावणी भीमाकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात, पडली होती. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत होते आणि झुल्फिकारखानाचा वेढा लांबत चालला होता. संताजी घोरपड्यांच्या हालचालींनी मोगली फौजा हैराण झाल्या होत्या. साम्राज्याचा पैसा आणि माणसे दक्षिणेतील युद्धात गुंतली असताना तांबड्या समुद्रापर्यंत पहारा ठेवणे बादशहाला शक्य नव्हते.

दरोड्याची जुळवाजुळव

हेन्री एव्हरी हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचा. इंग्लंडच्या शाही आरमारात आणि पुढे गुलामांच्या व्यापारात त्याने नोकरी केली होती. १६९४ मध्ये तो ‘चार्ल्स दुसरा’ या जहाजावर अधिकारी होता. लंडनच्या धनिकांनी भांडवल घालून सज्ज केलेले हे जहाज स्पेनमधील ला कोरुन्या बंदरात महिनोन्महिने अडकून पडले होते. खलाशांचे पगार थकले होते. ७ मे १६९४ रोजी एव्हरीने बंड करून जहाज ताब्यात घेतले. त्याचे नाव त्याने ‘फॅन्सी’ ठेवले आणि आफ्रिकेला वळसा घालून तो मादागास्करकडे निघाला.

जहाजाचा वेग वाढावा म्हणून त्याने वरचे बरेच बांधकाम काढून टाकले. कोमोरो बेटांपैकी जोहाना बेटावर त्याने इंग्रज जहाजांच्या नावे एक पत्र ठेवले. इंग्रज वा डच जहाजाला आपण हात लावणार नाही, असे आश्वासन त्यात होते. हा त्याच्या योजनेचाच भाग होता. स्वदेशीयांना अभय दिले की उरलेल्या जहाजांची लूट मायदेशी फारशी टोचणार नाही, असा त्याचा होरा होता. १६९५ च्या उन्हाळ्यात बाब-अल-मंदबजवळ आणखी पाच चाचे जहाजे त्याला येऊन मिळाली. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधून आलेला थॉमस ट्यू हा त्यांतील सर्वांत अनुभवी कप्तान. मुख्य नेतृत्व एव्हरीकडे आले.

पाठलाग आणि लूट

सुमारे पंचवीस जहाजांचा ताफा ऑगस्टमध्ये रात्रीच्या अंधारात चाच्यांना चुकवून सामुद्रधुनीतून निसटला. एव्हरीने पाठलाग सुरू केला. आधी सापडले ते अब्दुल गफूरचे ‘फतेह मुहंमद’. त्याच्यावर हल्ला करताना ट्यू मारला गेला, पण ‘फॅन्सी’पुढे जहाजाने शरणागती पत्करली. त्यावरच्या लुटीची किंमत पन्नास हजार पौंडांच्या आसपास सांगितली जाते.

काही दिवसांतच ‘गंज-ए-सवाई’ गाठले गेले. सुरतेच्या जहाजांमध्ये याहून मोठे जहाज नव्हते. त्यावर ८० तोफा आणि ४०० बंदुका होत्या, असे इतिहासकार खाफीखान लिहितो. ‘फॅन्सी’वर ४६ तोफा आणि दीडशेच्या आसपास माणसे होती. बळाचा हिशेब मोगल जहाजाच्या बाजूने असूनही दोन घटनांनी लढाई फिरली. जहाजावरची एक तोफ डागताना फुटली आणि जवळचे गोलंदाज ठार झाले. त्याच सुमारास चाच्यांच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली. कप्तान इब्राहिमखान लढायचे सोडून तळाशी गेला आणि त्याने मोखाहून आणलेल्या दासींच्या डोक्याला पागोटी बांधून त्यांनाच लढायला सांगितले, अशी कडवट नोंद खाफीखानाने केली आहे.

त्यानंतर आठवडाभर जहाज चाच्यांच्या ताब्यात राहिले. लपवलेला ऐवज काढून घेण्यासाठी प्रवाशांचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. अब्रू वाचवण्यासाठी काहींनी समुद्रात उडी घेतली, काहींनी खंजीर खुपसून जीव दिला, असे खाफीखान लिहितो. स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद मुंबईचा इंग्रज गव्हर्नर सर जॉन गेयर याच्या पत्रातही आहे. बादशहाच्या नात्यातील एका मोठ्या उमरावाची वृद्ध पत्नीही त्यांतून सुटली नाही, असे त्याने कळवले होते. पुढे इंग्लंडमध्ये याच प्रसंगातून एव्हरी आणि मोगल राजकन्येच्या प्रेमाची आणि विवाहाची कथा रचली गेली. त्या कथेला समकालीन कागदपत्रांत आधार नाही.

लुटीचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. खाफीखान ५२ लाख रुपये म्हणतो, मोगल दरबाराने सहा लाख पौंडांचा दावा केला, तर कंपनीने तीन लाख पंचवीस हजार पौंड कबूल केले. पकडलेल्या खलाशांच्या जबान्यांत बादशहासाठी आणलेल्या माणकजडित खोगिराचा आणि लगामाचा उल्लेख येतो. पूर्ण वाटेकऱ्याला सुमारे हजार पौंड आणि कप्तानाला दोन वाटे मिळाले. साध्या खलाशाला इतकी रक्कम जन्मभराच्या कमाईतही दिसली नसती.

सुरतेतील क्षोभ

लुटलेले जहाज सुरतेला पोहोचताच शहर खवळले. चाचे इंग्रज होते, हे जहाजावरच्या लोकांनी स्वतः पाहिले होते. जमावाने इंग्रजांच्या वखारीकडे धाव घेतली. बंदराचा मुत्सद्दी, म्हणजे मोगल कारभारी, इतिमादखान याने वखारीभोवती पहारा बसवला. त्यामुळे इंग्रज जमावापासून वाचले आणि त्याच वेळी कैदीही झाले. वखारीचा प्रमुख सॅम्युअल ॲनस्ले आणि त्याच्या माणसांना बेड्या घालण्यात आल्या. इतर शहरांतील इंग्रज वखारींवरही जप्ती आली.

बादशहाच्या संतापाला जुनी पार्श्वभूमी होती. १६८६ ते १६९० या काळात कंपनीने मोगलांशी युद्ध केले होते. सिद्दी याकूतखानाने मुंबईत फौज उतरवल्यावर कंपनीला माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला होता. मुंबईचे इंग्रज आपल्या राजाच्या नावाने रुपये पाडतात, हीही औरंगजेबाची तक्रार होती. मुंबईवर चाल करून जाण्याचे हुकूम निघाले. खाफीखान त्या सुमारास मुंबईला गेला आणि तेथील इंग्रज अधिकाऱ्याशी त्याची या लुटीवरून बोलाचाली झाली. चाचे आमचे नोकर नाहीत, असे इंग्रज सांगत होते, परंतु चाचे आणि व्यापारी एकाच देशाचे, एकच भाषा बोलणारे असताना हा फरक सुरतेच्या लोकांना पटणे अवघड होते.

ॲनस्लेने कैदेतूनच तोड सुचवली. यात्रेकरूंच्या जहाजांना कंपनीने सशस्त्र सोबत द्यावी आणि त्या बदल्यात व्यापाराची मुभा परत मिळावी. जून १६९६ च्या अखेरीस कैद्यांची सुटका झाली आणि वखार पुन्हा सुरू झाली.

पळ, शोध आणि खटले

दरम्यान एव्हरी रियुनियन बेटावरून अटलांटिक ओलांडून १६९६ च्या वसंतात बहामा बेटांवरील नासाऊला पोहोचला. त्याने हेन्री ब्रिजमन असे नाव घेतले आणि गव्हर्नर निकोलस ट्रॉट याला रोकड, हस्तिदंत आणि खुद्द ‘फॅन्सी’ जहाज देऊन आश्रय विकत घेतला. तिथून टोळी फुटली. काही जण अमेरिकेतील वसाहतींत मिसळले, एव्हरी आणि काही साथीदार छोट्या जहाजाने आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले. इंग्लंडच्या सरकारने त्याच्या शिरावर ५०० पौंडांचे इनाम लावले, कंपनीने ते दुप्पट केले. अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर शोध सुरू झाला.

जॉन डॅन हा खलाशी सापडला तो सोन्याच्या वजनाने. रोचेस्टर येथील खानावळीत मोलकरणीला त्याचा अंगरखा विलक्षण जड लागला आणि अस्तरात शिवलेली हजारावर पौंडांची नाणी उघडकीला आली. डॅन माफीचा साक्षीदार झाला. ऑक्टोबर १६९६ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सहा जण उभे करण्यात आले. ‘गंज-ए-सवाई’च्या लुटीबद्दलच्या पहिल्या खटल्यात ज्यूरींनी आरोपींना सोडून दिले. दूरच्या परधर्मीयांना लुटणे हा त्यांना मोठा गुन्हा वाटला नाही, असे यावरून दिसते. सरकारची फजिती झाली. मग ‘चार्ल्स दुसरा’ हे इंग्रज जहाज पळवल्याबद्दल दुसरा खटला भरला आणि त्यात शिक्षा झाली. २५ नोव्हेंबर १६९६ रोजी थेम्सकाठी पाच जणांना फाशी देण्यात आली. त्यांना फासावर नेणारा दोषारोप इंग्रज मालकांच्या जहाजाचा होता. सुरतेच्या यात्रेकरूंच्या लुटीबद्दल ज्यूरींनी त्यांना दोषी ठरवले नव्हते. एव्हरी आयर्लंडनंतर नाहीसा झाला.

समुद्राचा बंदोबस्त

सुरतेचे संकट तेवढ्यावर थांबले नाही. जानेवारी १६९८ मध्ये कप्तान विल्यम किडने ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यावर सुरतेच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल होता. या वेळी सुरतेच्या मोगल अधिकाऱ्यांनी इंग्रज, डच आणि फ्रेंच अशा तिन्ही वखारींना वेढा घातला आणि तिघांकडून रक्षणाची हमी लिहून घेतली. तांबड्या समुद्राचा मार्ग डचांकडे, दक्षिणेचा समुद्र इंग्रजांकडे आणि इराणचे आखात फ्रेंचांकडे अशी वाटणी ठरली. मे १७०१ मध्ये किडला लंडनमध्ये फाशी झाली. चाच्यांबद्दलचे इंग्लंडचे धोरण एव्हाना पालटले होते. हिंदुस्थानचा व्यापार टिकवायचा तर मोगल प्रजेची जहाजे लुटणाऱ्या स्वदेशीयांनाही शासन करावे लागेल, हे लंडनला उमगले होते.

या तडजोडीने बादशहाला तात्पुरता दिलासा मिळाला, पण तिची किंमत मोठी होती. ज्यांच्या देशबांधवांनी लूट केली त्यांच्याच शस्त्रसज्ज जहाजांवर हजची वाट विसंबू लागली. स्वतःचे आरमार उभारण्याऐवजी मोगल सत्तेने परकीयांकडून पहारा घेतला. याच काळात कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर मराठ्यांचे आरमार वाढवत होते. किनाऱ्याच्या मालकाकडे स्वतःची लढाऊ जहाजे असली पाहिजेत, ही दृष्टी त्यामागे होती. मोगलांनी ती धरली नाही. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्लाच ताब्यात घेतला.

लुटीची कथा

एव्हरीवरचे ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक १७१२ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. त्यात तो मादागास्करचा राजा होता. १७२४ च्या चाच्यांच्या प्रसिद्ध चरित्रग्रंथात मात्र त्याला व्यापाऱ्यांनी हिरे हडप करून कफल्लक केल्याचे रंगवले आहे. धाडसी बेत, अवघड लूट, हुलकावणी आणि बेपत्ता झालेला नायक ही पुढच्या काळातील रत्नचोरीच्या इंग्रजी कादंबऱ्यांची आणि चित्रपटांची चौकट या कथांत जवळजवळ पूर्ण दिसते. अशा रचनेत वाचकाची नजर चोरावर खिळते, लुटलेली माणसे पार्श्वभूमीला जातात.

२०१४ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १६९३ साली येमेनमध्ये पाडलेले अरबी नाणे सापडले आणि ते एव्हरीच्या टोळीने नेले असावे, असा तर्क मांडला गेला. त्यामुळे चाचा पुन्हा चर्चेत आला. ‘गंज-ए-सवाई’चा इतिहास पूर्ण व्हायचा तर खलाशांच्या जबान्या आणि न्यायालयाचे कागद यांच्या बरोबरीने खाफीखानाचा वृत्तान्त, वखारींचा पत्रव्यवहार आणि अब्दुल गफूरसारख्या व्यापाऱ्यांचे नुकसानही मांडावे लागते. तसे केले म्हणजे ही घटना एका धाडसी चोराची गोष्ट राहत नाही. आरमाराविना बंदर राखू पाहणाऱ्या सत्तेची आणि तिच्या उणिवेचे मोल चुकवणाऱ्या सुरतकरांची ती हकिकत ठरते.