फोटोसाठी जागा शोधताना

सुगी उरकली, की खेड्यापाड्यांतून लग्नाच्या बैठकांना सुरुवात होते. पूर्वी मुलामुलींचा एकेक फोटो तालुक्याच्या स्टुडिओत निघत असे. मागे रंगवलेला बगीचा, बाजूला उंच स्टूल आणि त्यावर कागदी फुलांची कुंडी. आता तो पडदा गेला. नवरानवरी आणि फोटोवाला मिळून घाटावर, किल्ल्यावर, कुणाच्या फुलांच्या वाफ्यात जातात आणि दिवसभर फोटो काढतात. मंडप पडण्याच्या आधीच त्यावर एका चांगल्या दुभत्या शेळीचे पैसे जातात, कधी गाईचेही. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर करावे. परंतु जागेची निवड कशी करावी, याचा विचार कोणी फारसा करीत नाही, आणि त्यापायी फोटोही बिघडतो, कुणाचे पीकही बिघडते, आणि कधी त्याहून मोठे नुकसान होते.

दुसरी एक गोष्ट. घरातले वडीलधारे माणूस गेले, की भिंतीवर लावायला फोटोची शोधाशोध सुरू होते. मोबाईलमध्ये नातवंडांचे हजार फोटो असतात, आजीचा एकही नीट नसतो. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात. ओठ घट्ट मिटलेले, डोळे घाबरल्यासारखे. हार घातला तरी ती आपली आजी वाटत नाही. फोटोवाला घरी येणारच आहे, तर पहिला अर्धा तास म्हाताऱ्या माणसांना द्यावा, असे मी ओळखीच्या घरांतून सांगत असतो.

त्यासाठी दूर जावे लागत नाही. घरची ओसरी ही फोटोची उत्तम जागा. ओसरीच्या कडेला, जिथे सावली संपते आणि अंगण सुरू होते, तिथे माणसाला बाहेर तोंड करून बसवावे. अंगणातल्या उन्हाचा उजेड तोंडावर मऊ पडतो, सुरकुत्या दिसतात पण बोचत नाहीत. भर दुपारी उघड्यावर उभे केले, तर टोपीची, फेट्याची किंवा डोईवरच्या पदराची सावली डोळ्यांवर येते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खळगे उरतात. सूर्य उगवल्यापासून साधारण दीड तास आणि मावळायच्या आधीचा तेवढाच वेळ चांगला. झाडाखाली बसवायचे तर दाट सावलीचा आंबा बरा. कडुनिंबाखाली कवडसे पडतात आणि तोंड चितळासारखे दिसते. केळीच्या बागेत किंवा उसाच्या सरीत तोंडावर हिरवट झाक येते. नव्या शालूचा रंगही मग खरा उतरत नाही.

आजीला ‘हसा’ म्हणू नये. तिच्या हातात सूप द्यावे, निवडायला चार दाणे द्यावेत आणि नातवाने जवळ बसून बोलत राहावे. “आजी, यंदा शाळू कसा आलाय गं?” एवढे विचारले, की ती मान वर करून जे बघते, तोच फोटो.

आता शेताकडे येऊ. सूर्यफूल हल्ली थोड्याच ठिकाणी दिसते, त्यामुळे रस्त्याकडेला एखादा प्लॉट फुलला की मोटारी थांबू लागतात. या पिकाची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कळी कोवळी असताना ती सूर्याबरोबर फिरते. फूल पुरते उमलले, की देठ ताठ होतो आणि तोंड पूर्वेकडेच राहते. म्हणजे माणसामागे फुलांची तोंडे हवी असतील, तर फोटोवाल्याने पूर्वेला उभे राहून पश्चिमेकडे कॅमेरा धरला पाहिजे. सकाळी असे केले तर ऊन नवरीच्या थेट डोळ्यांत जाते. संध्याकाळी सूर्य मागे असतो, डोळे मिचकत नाहीत आणि केसांना सोनेरी कड येते. तोंड थोडे काळवंडते, त्याला उपाय सोपा: समोरून कोणीतरी पांढरे धोतर ताणून धरावे, उजेड उलटून तोंडावर पडतो.

परंतु हे सारे बांधावरून. फुलोऱ्यात असलेल्या प्लॉटमध्ये चार माणसे शिरली, की झाडे मोडतात आणि दाणे भरण्यासाठी आलेल्या मधमाश्या उठतात. झेंडूचे तर विचारू नका. दसऱ्याच्या तोंडावर, तोडणीला दोन दिवस असताना, एका शेतकऱ्याच्या वाफ्यात पाहुणे मंडळी फोटोसाठी बसली आणि सरळ एक ओळ आडवी करून गेली. “साहेब, याचा पंचनामा होतो का हो?” असे त्याने मला विचारले. मी हसलो, पण तो हसत नव्हता. स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्याच्या कडेवर पाय पडला, की मल्चिंगचा कागद फाटतो, वाफा ढासळतो आणि ठिबकची नळी चेपते. तेव्हा दुसऱ्याच्या शेतात जायचे तर आधी मालकाला भेटावे, कुठवर यायचे ते त्याच्याकडूनच ठरवून घ्यावे आणि औषध केव्हा फवारले ते विचारावे. ताज्या फवारणीच्या पिकात नवरीने गाल फुलाला लावून उभे राहणे म्हणजे विषाशी खेळ. उसाच्या कडेला दिवस मावळताना थांबू नये. जुन्नर, कराडकडच्या वाचकांना बिबट्याबद्दल वेगळे सांगायला नको.

पाण्याबद्दल मात्र मी थोडे कडक बोलणार आहे. शेततळ्याच्या निळ्याशार पाण्याशेजारी फोटो छान येतो, हे खरे. पण अस्तराचा प्लॅस्टिक कागद ओला झाला, की साबणासारखा निसरडा होतो आणि बाजू उताराच्या असतात. पडलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, हाताला धरायला काही मिळत नाही. वाचवायला उतरलेलाही तिथेच अडकतो. तळ्याला कुंपण असेल तर ते ओलांडू नये, नसेल तर काठापासून दहा पावले दूर राहावे. प्रत्येक शेततळ्यावर गाठी मारलेला दोर कायमचा बांधून ठेवावा, हे फोटोपुरते नव्हे, एरवीही. कठडा नसलेली विहीर, वाहता कालवा आणि धरणाचा सांडवा यांच्या जवळ फोटो नकोच. यात गंमत अशी, की धोका नवरानवरीपेक्षा फोटोवाल्याला जास्त. तो कॅमेऱ्यातून बघत एकेक पाऊल मागे सरकत असतो. त्याच्या पाठीशी एक शहाणा माणूस उभा करावा. रेल्वेच्या रुळांवर बसून फोटो काढण्याचीही एक टूम आहे. तिथे जिवाचा धोका तर आहेच, शिवाय रेल्वेच्या १९८९च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे. कैद किंवा दंड होतो.

तालुक्याच्या गावी किंवा थोडे लांब जायचे असेल, तर सातारा जिल्ह्यापुरते सांगतो. वाईचे कृष्णेचे घाट आणि जवळच मेणवली. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली दगडी घाट आहे आणि वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा आहे. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रण इथे झाले, तेव्हापासून गर्दी वाढली. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर फिकट रंगाची साडी उठून दिसते. गर्द निळी किंवा काळी बुडून जाते. दहाच्या आत उरकावे, पुढे दगड तापतात. वाड्यात विचारल्याशिवाय शिरू नये आणि घाटावर कोणी दशक्रियेला बसले असेल, तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. हे सांगावे लागते, याचेच वाईट वाटते.

कासच्या पठाराचा हट्ट पुष्कळ जण धरतात. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुले असतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याची जागतिक वारशात नोंद झाली. खाली जांभा खडक आहे आणि त्यावर मातीचा पातळ थर, कुठे कुठे तर बोटभरच. आपल्या काळ्या रानात पाय पडला तर नांगरट करून भरून काढता येते. इथे तुडवलेली माती दबली किंवा वाहून गेली, की परत येत नाही. म्हणून ठरलेली वाट सोडायची नाही. फुलांत लोळून काढलेला फोटो मला तरी बघवत नाही.

प्रतापगडासारख्या किल्ल्यावर जायचे तर आधी चौकशी करून जावे. २०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारशात नोंद झाली, त्यांत प्रतापगड आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूंमध्ये ट्रायपॉड किंवा दिवे लावायला परवानगी लागते. ती न काढता गेल्यास मुहूर्ताच्या गडबडीत एक दिवस फुकट जातो आणि गाडीभाडे अंगावर पडते.

फोटोवाल्याशी बोलताना दिवसाच्या भाड्याबरोबर छापील फोटो किती देणार, तेही ठरवून घ्यावे. मोबाईल पाण्यात पडतो, बदलला जातो, त्याबरोबर फोटोही जातात. आजीआजोबांचा निदान एक फोटो आठ बाय दहाच्या आकारात चांगल्या कागदावर छापून घ्यावा, मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. काच लावून पावसाची ओल न येणाऱ्या आतल्या भिंतीवर टांगावा. पश्चिमेच्या भिंतीवर दोन पावसाळ्यांत बुरशी धरते.