जुनी काळी सायकल: आधी ओळख, मग पाना

दुधनीसारख्या आडत बाजाराच्या गावात जुनी काळी सायकल शोधायला लांब जावे लागत नाही. गोठ्यात आढ्याला टांगलेली किंवा दुकानामागे रिकाम्या पोत्यांच्या आडोशाला टेकवलेली एखादी सापडतेच. "आज्जाची रॅले आहे, इंग्लंडची," असे घरचे सांगतात. मग उत्साही नातू ती थेट रंगाऱ्याकडे नेतो. गाडी चकाचक होते खरी, पण ती कुठली, कधीची हे सांगणाऱ्या खुणा पॉलिश पेपरखाली घासून जातात. म्हणून क्रम उलटा हवा. आधी ओळख पटवायची, मग खोलायची. रंगाचा विचार अगदी शेवटी.

नाव इंग्रजी, गाडी कुठली?

हेडपाइपवर रॅले, हंबर किंवा हर्क्युलस दिसले म्हणजे गाडी विलायती, असे नाही. स्वातंत्र्यानंतर हीच नावे भारतात बनणाऱ्या गाड्यांवरही आली. असनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातून १९५२ पासून रॅले, हंबर, रॉबिन हूड बाहेर पडू लागल्या. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने हर्क्युलस, फिलिप्स आणि बीएसए बनवल्या. अस्सल देशी नावांत मुंबईच्या वरळीतली हिंद, सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) ही मोठी. सेन-रॅले आणि हिंद या दोन्ही कंपन्या १९८० साली सरकारने ताब्यात घेतल्या. आपल्या भागात सापडणारी 'इंग्लंडची' गाडी बहुतेक वेळा असनसोलची किंवा मद्रासची निघते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त सुटे भाग शोधण्याची दिशा बदलते.

हेडपाइपवरचे चिन्ह दोन स्क्रू किंवा रिव्हेटवर बसलेले असते, म्हणजे ते सहज बदलता येते. त्यावर एकट्यावर विसंबू नये. चेनव्हीलकडे बघावे. जुन्या कंपन्या तिथे आपली खूण कापून ठेवत. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी असतात, हंबरच्या चक्रात धावणारी माणसे, रज कंपनीच्या चक्रात उघडा पंजा, तर बीएसएच्या चक्रात सरळ तीन अक्षरे. मग हब, ब्रेकचे हँडल, सीटची मागची पट्टी, पायडलची टोपी ओल्या फडक्याने पुसून त्यावरची अक्षरे वाचावीत. चार ठिकाणी एकच नाव निघाले तर गाडी मूळची आहे. चार ठिकाणी चार नावे निघाली तर मिस्त्रीने वेळोवेळी जे मिळाले ते बसवले आहे.

वय ठरवायलाही खुणा आहेत. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या नळीवर सालाचे शेवटचे दोन आकडे आणि महिना ठोकलेला असतो. ५८ आणि ४ म्हणजे एप्रिल १९५८. चकाकीत निळसर झाक असेल तर ते क्रोम, पिवळसर ऊब असेल तर निकेल. क्रोम रुळले ते साधारण १९३०च्या आसपास, त्यामुळे मूळ निकेलचे हँडल त्याआधीची शक्यता दाखवते. आणखी एक साक्षीदार म्हणजे करबिल्ला. पूर्वी नगरपालिका सायकलींवर कर घेत आणि वर्ष घातलेला धातूचा बिल्ला देत. तो अजून जागेवर असेल तर काढू नये.

फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर किंवा क्रँकच्या नळीच्या तळाशी असतो. रंगाचे थर असतील तर रॉकेलच्या फडक्याने हळू पुसावे, पत्री मारू नये. नंबर, चिन्हे आणि प्रत्येक बाजू यांचे फोटो काढून ठेवावेत.

आटे जुळतात का?

ही चौकशी हौसेपुरती नाही. इंग्लंडात, नॉटिंगहॅमला बनलेल्या रॅलेत क्रँकच्या नळीला इंचाला २६ आटे असतात, इतर बहुतेक गाड्यांना २४. लुधियानाचा, छर्रे बसवायचा कप अशा रॅलेत दोन फेरे जातो आणि अडतो. पाना लांब घेऊन जोर लावला की कप नव्हे, फ्रेमचेच आटे जातात. टायरचेही तसेच. या गाड्यांना अठ्ठावीस बाय दीडचा टायर लागतो, त्याची बैठक ६३५ मिलिमीटरची. आजच्या सातशे सीची ६२२, म्हणून तो बसत नाही. सुदैवाने अठ्ठावीस बाय दीडचे टायर आपल्याकडे अजून बनतात. स्पोकही मोजावेत. पुढे ३२, मागे ४० ही या गाड्यांची जुनी रीत.

खोलताना

सोलापूरकडची हवा कोरडी, पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे कोकणातल्या गाडीसारखी आतून पोखरलेली फ्रेम इथे कमी. खरा शत्रू काळ्या मातीची धूळ. सुकलेल्या ग्रीसमध्ये ती मिसळली की त्याचे पॉलिशचे चाटण होते आणि छर्रे, कप, कोन सगळेच घासत राहतात.

सीटचा दांडा आणि क्रँक आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन यांच्या कडेने गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवावे. कॉटर पिन काढणे हे सगळ्यात नाजूक काम. नट पूर्ण काढायचा नाही, आट्यांच्या टोकाच्या पातळीपर्यंत सैल करायचा, म्हणजे घावाने आटे चेपत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनच्या अगदी शेजारी, जाड लोखंडी पाइप उभा टेकवायचा. मग एकच नेमका घाव. आधार नसेल तर घावाचा धक्का थेट छर्‍यांना बसतो आणि कपात खड्डे पडतात. पिना बसवताना दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पायडल एका रेषेत येत नाहीत. एक क्रँक पुढे, दुसरा मागे असताना एका पिनचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली दिसला पाहिजे. गाडी चालवायला लागल्यावर काही दिवसांनी नट पुन्हा आवळावा.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात: डाव्या पायडलला आणि उजव्या बाजूच्या कपाला. उजवा कप खराब नसेल तर काढूच नये, आतून पुसून घ्यावा. क्रँकच्या नळीत दोन्ही बाजूंना पाव इंची अकरा-अकरा छर्रे लागतात. जुन्या-नव्यांची सरमिसळ करू नये. घासलेले छर्रे आकाराने किंचित लहान झालेले असतात आणि सगळा भार नव्यांवर येतो. छर्रे स्वस्त आहेत, सगळे बदलावेत.

गंज, चाक, ब्रेक

क्रोमवरचा वरवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या अ‍ॅल्युमिनिअम फॉइलने घासून निघतो. क्रोम त्याहून कठीण असल्याने ओरखडा पडत नाही. हट्टी गंजाचे सुटे भाग लिटरभर पाण्यात चहाचे दोन चमचे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड घालून काही तास बुडवावेत, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावावे. हे अ‍ॅसिड विषारी आहे. हातमोजे हवेत, काम उघड्यावर करावे आणि भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. सोनेरी रेषा आणि जुनी अक्षरे यांच्यावर रॉकेल किंवा थिनर लावू नये. साबणाचे पाणी, मऊ फडके आणि वर मेणाचे पॉलिश पुरते.

ब्रेकच्या आधी चाकाचा आऊट काढायचा, कारण रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, हबकडच्या तोंडावर वर ओढले जाते. रिम तिरकी असेल तर एका बाजूला घासते, दुसरीकडे लागतच नाही. चाक सरळ झाल्यावर ब्रेकच्या रॉडची लांबी जुळवावी. ओल्या क्रोमवर हे ब्रेक फारसे पकडत नाहीत, हे पावसात लक्षात ठेवावे.

चामड्याची सीट कडक झाली असेल तर तेलात भिजवू नये, ती सैल होऊन खचते. खालच्या बाजूने चामड्याचे मेण पातळ लावावे आणि पुढचा नट पाव फेऱ्याने आवळावा.

रंगाचा प्रश्न आता येतो. मूळ रंग निम्मा तरी शिल्लक असेल तर तो ठेवावा. फ्रेम वेल्डिंगने जोडलेली किंवा आधीच कुणी ब्रशने रंगवलेली असेल, तर नवा रंग द्यायला हरकत नाही. पण हेडपाइपचे चिन्ह, करबिल्ला आणि फ्रेमचा नंबर त्या रंगाखाली जाऊ देऊ नये. मूळ गाडी कशी दिसते हे पाहायचे असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथे जाऊन आल्यावर पुष्कळजण रंगाचा डबा परत करतात.