सायलेन्सरचा रंग घाटात पक्का होतो

एप्रिल-मे महिन्यांत मोलगीतल्या घरांपुढे कैऱ्या सोलणं चाललेलं असतं. फोडी उन्हात टाकायच्या, वाळल्या की आमचूर म्हणून व्यापाऱ्याला घालायच्या. सातपुड्यातल्या या पट्ट्यात पावसाळ्याआधी हातात रोख पैसा येतो तो बराचसा यातून. म्हणून अशा अंगणात जुना ट्रक उघडायचा तर पहिली परवानगी घरातल्या बायांची लागते. “गंज उडून फोडींवर बसला तर माल घेईल कोण?” हा रोकडा सवाल आला आणि टाटा 407 ढकलत अंगणाच्या पार कडेला, वारा जिकडे निघून जातो तिकडे नेऊन उभा केला गेला. चाकांखाली दगड लावले आणि एक्झॉस्टचं काम सुरू झालं.

407 ही गाडी 1986 सालची. टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निसान या जपानी कंपन्यांशी हात मिळवून छोटे ट्रक आणणाऱ्यांची तेव्हा गर्दी झाली होती. टाटांनी आपली गाडी पिंपरीत बनवली आणि ती त्या गर्दीत टिकली. डोंगरात तिचा चाहतावर्ग वेगळाच. सुटे भाग कुठेही मिळतात आणि घरच्या घरी खोलता येते, एवढं कारण त्यांना पुरतं.

खोलता येते म्हणजे सहज खोलता येते असं नव्हे. इंजिनच्या हेडला जोडलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे नट वर्षानुवर्षं तापून-गार होऊन स्टडला चिकटून बसलेले असतात. घाई केली की स्टड तुटतो आणि अर्धा तुकडा हेडमध्येच राहतो. इथे आदल्या संध्याकाळी नटांवर गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी रिंगपाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, पुन्हा आवळायचं. नट किरकिरत फिरला की त्याच्या आट्यांतून लाल भुकटी गळायची. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. त्याला हातोडी मारायची नसते, बीड वाकत नाही, तडकतं. तो उतरल्यावर हेडच्या चारही तोंडांत लगेच स्वच्छ फडकी कोंबली गेली, कारण तिथून आत गेलेला गंजाचा खडा थेट व्हॉल्व्हपर्यंत पोचतो.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात जातो, आणि खरं काम तेच आहे. तारब्रशने सुटे पापुद्रे पडतात, पण गंजाचे खोलगट डाग राहतातच. तिथे पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून घासावं लागतं. बिडाच्या खरखरीत अंगात तेल मुरलेलं असतं. वरून कोरडं दिसतं, तापलं की घामासारखं बाहेर येतं आणि रंगाला फोड आणतं. म्हणून मॅनिफोल्ड आधी थोडा तापवून घेतला, पूर्ण गार झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसला. पहिलं फडकं काळं निघालं, नंतरची तपकिरी. फडक्याला रंग लागायचा थांबेपर्यंत पुसणं चालू होतं. पुसून झाल्यावर त्याला उघडा हात लावायचा नाही, बोटांचं तेलही नडतं.

आता रंग. हार्डवेअरच्या दुकानात ‘सिल्व्हर’ मागितला की बहुधा गेट आणि पाण्याच्या टाक्यांना मारायचा रंग हातात पडतो. सोबत सवयीने रेड ऑक्साइडही मिळतो. हे दोन्ही सायलेन्सरला कुचकामी. साधारण रंगाचा चिकटा तेलजातीचा असतो. दीड-दोनशे अंशांच्या पुढे तो करपतो आणि खालचा रेड ऑक्साइड वरच्या थराला घेऊन खाली येतो. इथे लागतो तो सिलिकॉन रेझिनचा, अॅल्युमिनियमची पूड घातलेला उष्णतारोधक रंग. डब्यावर 600 अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्यावं. अस्तर बिलकूल नको, थेट उघड्या लोखंडावर मारायचा. पूड तळाशी बसते, म्हणून मधूनमधून काडीने ढवळत राहायचं. आणि हात पातळ हवा. जाड थर दिसायला छान दिसतो आणि तापला की फुगून उडतो. दोन पातळ हात, मध्ये वाळायला पुरेसा वेळ. पॅकिंग बसतं त्या घासलेल्या तोंडांना आणि स्टडच्या आट्यांना रंग लागू द्यायचा नाही, त्यावर कागदी टेप आधीच चिकटवलेली होती.

अर्ध्या-पाऊण तासात रंग हाताला लागेनासा होतो आणि इथेच बहुतेक जण फसतात. हा रंग उन्हात वाळलेल्या कच्च्या मडक्यासारखा असतो, भट्टी लागेपर्यंत त्याचा भरवसा नाही. नखाने ओरखडा पडतो, डिझेलचा थेंब पडला तर निघून येतो. सिलिकॉन घट्ट व्हायला साधारण 200 अंश उष्णता तासभर मिळावी लागते. ती इंजिनच देतं, पण बेताबेताने. आधी दहा मिनिटं चालू, मग पूर्ण गार. नंतर वीस मिनिटं, पुन्हा गार. पहिल्या वेळी पांढरट धूर निघाला आणि डोळे चुरचुरले. रंगातला उरलासुरला द्रव जातो तेव्हा असं होतंच. हे उघड्यावर करायचं काम आहे, बंद शेडमध्ये नव्हे.

पण डिझेल इंजिन जागेवर नुसतं चालू ठेवलं तर त्याचा धूर फारसा तापत नाही. मॅनिफोल्ड कसाबसा तापतो, मागचा सायलेन्सर कोमटच राहतो. अक्कलकुव्याकडे रिकामी गाडी उतरवली तरी तेच, कारण उतारावर इंजिनला कामच नसतं. सायलेन्सर भाजला जातो तो परतीच्या वाटेवर, किराणा आणि सिमेंट भरून देवगोई घाट चढताना. खालच्या गिअरमध्ये, भरल्या वजनाने धूर तापतो आणि ती उष्णता मागच्या डब्यापर्यंत पोचते. वर आल्यावर गाडी गार होऊ दिली आणि सायलेन्सरवर नख ओढून पाहिलं. जाताना नखाला चंदेरी लागत होतं, आता काहीच लागलं नाही. मैदानातल्या गॅरेजवाल्याला ही सोय नाही!

एवढ्या मेहनतीचा रंग वाचवतो तो फक्त बाहेरून. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबचा पल्ला असेल तर ती निघून जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते आणि पत्रा आतून खाते. पूर्वी डिझेलमधलं गंधक या पाण्यात मिसळून आम्ल बनवायचं. 1 एप्रिल 2020 पासून गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं, तेवढं बरं झालं. तरी पाणी आहेच. म्हणून माझं मत साफ आहे: मॅनिफोल्डवर हवे तेवढे कष्ट घ्या, बिडाचा असल्याने तो गाडीला जन्मभर पुरतो. सायलेन्सर मात्र झिजायचाच. त्याला रंग द्या, पण भोकं पडू लागली की ठिगळं लावत बसू नका. ठिगळ लावायचंच तर जस्ताचा मुलामा दिलेला पाण्याचा पाइप कापून वापरू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

मृगाच्या आत हे काम उरका, दमट हवेत घासलेल्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस छटा चढते. आणि सायलेन्सरच्या पोटाशी पाणी निचरायचं बारीक भोक असेल तर रंगवताना ते बुजवू नका.